संभाजीनगरचं ब्रेस्ट क्लिनिक, तीन वर्षं जाऊन आल्यावर

पाचपैकी चार स्टार. एक कशाचा कापला ते खाली येईलच. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण ज्यांच्याबद्दल कुरकुर केलीय ती पोरं पगारी आहेत, मालकानं वाचलं तर ओरडा त्यांनाच बसंल, आणि मला तिथं दरवर्षी जायचंय.

मी सेलूची. ब्लाऊज शिवते, अठरा वर्षं झाली. दिवसाला दहा-बारा बायांची मापं घेते त्यामुळं छातीबद्दल बोलायची मला काही लाज नाही, पण आमच्या गावात बाकी सगळ्यांना आहे. मला गाठ नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, काहीच नाही, आणि तरी मी सकाळच्या मराठवाडा एक्सप्रेसनं संभाजीनगरला (आमच्या घरी अजून औरंगाबादच म्हणतात) तपासायला जाते. गल्लीतल्या बाया विचारतात, काहून जाती गं दरसाल, काही निघालं का? निघालं नाही म्हणूनच जाते म्हणलं की त्यांना वाटतं ही काहीतरी लपवायली.

तर आधी घरचं सांगते. माझी धाकटी आत्या ४२ व्या वर्षी गेली, स्तनाच्या कॅन्सरनंच. मी दहावीत होते. गाठ तिला वर्षभर आधीच लागली होती, पण सांगायचं कोणाला, घरात सगळे पुरुष, मग बार्शीला नेलं तेव्हा लई उशीर झालता. तिच्या आधी आजी, म्हणजे वडिलांची आई, पोटात पाणी होऊन गेली, तेव्हा कोणी काही नाव नाही दिलं त्याला. आणि चार वर्षांखाली मोठ्या आत्याची पोरगी, माझी आतेबहीण, ३९ व्या वर्षी तिला निघालं. सगळ्या वडिलांकडच्या. हे लक्षात ठेवा, याच्यावरच पुढचं सगळं आहे.

कारण या सगळ्यात मला कोणीच काही म्हणलं नव्हतं. सगळे म्हणायचे तुझ्या आईला नाही, मावशीला नाही, तुला कशाला होतंय. मी पण तेच धरून बसलेली. वडिलांकडून डोळे येतात, रंग येतो, भांडखोरपणा तर आमच्यात पूर्णच वडिलांकडून आलाय, पण हे नाही येणार असं का कोण जाणे आपण सगळे मानतो. येतं. अर्धं रक्त त्यांचंच की.

त्याच्याही आधी ८ मार्चला आमच्या इथं एक कॅम्प आलता. कॅमेऱ्यासमोर बसवायचं, अंगाची उष्णता बघायची, हात लावायचं काम नाही, रेडिएशन नाही, दुखत नाही, पाचशे रुपये. मी बसले. स्क्रीनवर हिरवं-निळं काहीतरी आलं आणि पोरगा म्हणला मॅडम एकदम नॉर्मल. दोन वर्षं मी त्या हिरव्या रंगावर निवांत झोपले. नंतर कळलं की असल्या उष्णतेच्या फोटोवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, तो मॅमोग्रामच्या (म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या) जागी चालत नाही, असं अमेरिकेच्या एफडीएनं सुद्धा सांगितलेलं आहे. पाचशे रुपयाचं दुःख नाही, पण घरात कोणाला होता का एवढा एक प्रश्न सुद्धा त्या कॅम्पात कोणी विचारला नाही. आशाताई येते तिच्या फॉर्मात निदान गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का हे तरी असतं. पण घरच्यांबद्दल विचारताना तिथंही बीपी, शुगर आणि हार्ट एवढंच. आशाताईचा दोष नाही, तिला जे छापून दिलं ते ती भरती.

आता क्लिनिक. पहिल्या वेळी गेले तर रिसेप्शनवर फॉर्म दिला, त्यात रकाने आई, बहीण, मुलगी. मी तिन्हीला नाही लिहिलं. खरंच नव्हतं ना. तो फॉर्म बघून तिथल्या पोरीनं मला पॅकेजचं पत्रक दिलं, गुलाबी रंगाचं, 'महिला आरोग्य', त्यात रक्ताची सीए १५-३ नावाची टेस्ट पण होती. घेणारच होते. नशीब की आधी डॉक्टर मॅडमकडं पाठवलं.

या मॅडमसाठीच खरं तर चार स्टार आहेत. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि म्हणल्या, आता आजी-आजोबांपासून सांगा, दोन्हीकडचे. बायांना गोल, पुरुषांना चौकोन. मी सांगत गेले, त्या काढत गेल्या, ज्याला कॅन्सर त्याचा गोल काळा, बाजूला वय. आम्ही पेपर कटिंग करतो तसंच वाटलं, कागदावर आधी सगळं मांडायचं मग कापड कापायचं. वीस मिनिटांनी बघितलं तर डाव्या बाजूला, वडिलांकडं, तीन काळे गोल एकाखाली एक. मी गपगारच झाले. तीस-पस्तीस वर्षं या बायांमधे वाढले पण अशा एका ओळीत कधी दिसल्या नव्हत्या.

मॅडमनी आजीच्या गोलावर पेन ठेवून विचारलं, पोटात पाणी म्हणजे अंडाशयाचा होता का? आता कोण सांगणार, पण त्यांचं म्हणणं की स्तन आणि अंडाशय दोन्ही एका घरात, त्यात चाळिशीच्या आतबाहेर, म्हणजे बीआरसीए नावाच्या जीनचा संशय घ्यावाच. तपासणी आधी माझी नाही, जिला झालाय तिची, म्हणजे आतेबहिणीची. फोन केला तर तिची मुंबईत झालेलीच होती. बीआरसीए वन, पॉझिटिव्ह. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, का तर पोरींची लग्नं व्हायचीत.

हे पण लिहून ठेवते, कोणाच्या कामी पडंल. घरात एकीचा बिघाड सापडलेला असला की बाकीच्यांना सगळं पॅनल, म्हणजे सगळ्या जीनची टेस्ट, करायची गरज नसते, तिच्या रिपोर्टची झेरॉक्स दाखवायची, लॅब तेवढी एकच जागा बघते, पैसे बरेच कमी लागतात. माझे आणि धाकट्या बहिणीचे मिळून नऊ हजार गेले. आई-बापातल्या एकात असलं तर लेकरात यायचा चान्स अर्धा-अर्धा, पोरगा असो का पोरगी. आमच्यात अगदी गणितासारखंच झालं, मला आलं, धाकटीला नाही. ती माझ्यापुढं रडायली की माझं नाही आलं म्हणून, मीच तिला चहा करून दिला. तिला आता बाकीच्या बायांसारखंच, वेगळं काही नाही.

घाबरवायला लिहीत नाही, सगळ्यांना असं नसतं. स्तनाचे जेवढे कॅन्सर होतात त्यातले शंभरात पाच-दहाच असे घराण्यातून आलेले असतात. पण ज्यांच्यात हा बीआरसीए वन आहे त्या शंभरातल्या साठाहून जास्त जणींना आयुष्यात कधी ना कधी होतोच. म्हणून आमची तपासणी वेगळी. वयाच्या २५ पासून वर्षाला एमआरआय, ३० पासून त्याच्या जोडीला मॅमोग्राम, आणि सहा महिन्या-वर्षाला डॉक्टरच्या हातानं तपासणी. सीए १५-३ बद्दल विचारलं तर मॅडम सरळ म्हणल्या, ती झालेल्यांचा उपचार कसा चाललाय ते बघायला ठीक आहे, सुरुवातीच्या गाठीत ती बहुतेक वेळा नॉर्मलच येते, पैसे घालवू नका. आपल्याच क्लिनिकच्या पत्रकातली टेस्ट आपणच खोडली, असं करणारी बाई मला आवडली. पत्रक मात्र अजून तिथंच आहे, यावर्षी पण होतं.

मॅमोग्रामला काय वाटतं ते सगळ्याच विचारतात. दुखतं. पण दाबणं पाच-सात सेकंदाचं, एका बाजूचे दोन असे चार फोटो, एक वरून एक तिरपा. धपाटं थापतात तसं दोन पाट्यांमधे दाबतात, ते मुद्दाम, पसरलं की आतलं एकावर एक येत नाही आणि रेडिएशन पण कमी लागतं. इथं काढणारी बाईच आहे, हे लई महत्त्वाचं, आणि ती आधी सांगती की आता दाबते, श्वास धरा. पहिल्या वेळी मी रेल्वेत घाम आला म्हणून स्टेशनवर पावडर लावून गेलते तर तिनं ओला कपडा दिला, पुसून या म्हणली, पावडरचे कण फोटोत चुन्याच्या बारीक ठिपक्यासारखे दिसतात आणि उगीच घोळ होतो. डिओ पण नको. हे फोनवरच सांगायला काय जातं यांचं?

पण माझ्या मॅमोग्रामचा उपयोग अर्धाच. रिपोर्टात घनता सी लिहून येतं. म्हणजे आतमधे चरबी कमी, दूधग्रंथी जास्त, त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठ पण पांढरीच दिसते. मला हे लगेच कळलं, पांढऱ्या पॉपलीनवर पांढऱ्या दोऱ्याची टीप, दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाही. मॅडमनी एक जुना अभ्यास सांगितला, हॉलंडमधे १,९०९ जोखमीच्या बायांवर केलेला, २००४ साली छापलाय. पसरणाऱ्या जातीच्या गाठी मॅमोग्रामला शंभरातल्या ३३ दिसल्या, एमआरआयला जवळपास ८०. मग मी एमआरआयच्या खर्चावर घासाघीस सोडली.

आता तो कापलेला स्टार.

एमआरआय कधीही करून चालत नाही. पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात करायचा, बाकीच्या दिवसात नुसत्या ग्रंथीच शिरेतून दिलेलं औषध ओढून चमकतात आणि काहीच्या काही दिसतं. पण नंबर देणारा पोरगा म्हणला, मंगळवार २३ तारीख. मी म्हणलं दादा २३ ला माझा बाविसावा दिवस येतो. तिकडं सामसूम. मग म्हणला मॅडम तुम्ही आमच्या मॅडमशी बोला. मॅडम ऑपरेशनमधे. मी परत सांगितलं, पाळी दोन तारखेला आली, मला आठ ते पंधराच्या मधला दे, तर बिचारा असा गडबडला की फोनच कट. ज्याचं कामच बायांचे नंबर लावायचं त्याला हा एक प्रश्न शिकवून ठेवलेला नाही! तिथं माझ्याशेजारी बसलेली अंबडची एक बाई चुकीच्या दिवसात करून परत आलती, दुप्पट खर्च आणि दुप्पट जीवाला घोर.

एमआरआय मशीन मात्र चांगलं आहे, स्तनाची वेगळी कॉइल (छातीचा फोटो पकडणारा जोड) आहे, ती नसली तर करण्यात अर्थ नाही, त्यामुळं कुठंही नंबर लावायच्या आधी ते विचारून घ्या. पालथं झोपायचं, दोन खळगे असतात त्यात सोडायचं, हात डोक्याच्या पुढं, आणि अर्धा-पाऊण तास हालायचं नाही. आवाज म्हणजे सोयाबीनचं मळणीयंत्र कानाशी लावल्यागत, हेडफोन देतात त्यानं काय होत नाही. मधे हाताच्या शिरेतून औषध जातं, दंडापर्यंत गार लागतं, त्यासाठी आधी किडनीची क्रिएटिनिन बघतात. अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी, हुकाची ब्रा, पिन, सगळं काढा. माझ्या सासूबाईंनी हळकुंड बांधलेला दोरा सोबत दिलता, गळा मोकळा नको म्हणून. सिस्टरनं तो बघितला, हातात घेऊन चाचपला, म्हणली याच्यात धातू नाही, राहू द्या ताई. काहीजणी अशा वेळी अंगावर ओरडतात. ही ओरडली नाही, अर्धा स्टार तिचा.

मग दुसऱ्या वर्षी जे झालं ते. शनिवारी संध्याकाळी साडेसातला व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडली. मी कटोरीचे टक्स मारायले होते. उघडलं तर खाली लिहिलेलं, उजवीकडं सात मिलीमीटर, बायरॅड्स ४ए (संशय किती त्याचा नंबर असतो तो), बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करावी. वर ना कोणाचा फोन, ना मेसेज. क्लिनिक सोमवारी उघडणार. त्या दोन रात्री मी आत्याचा फोटो काढून बघितला, मोबाईलवर काय काय वाचलं, नवऱ्याला उठवून एलआयसीची कागदं कुठं आहेत ते विचारलं. रविवारी एका नवरीचा ब्लाऊज उलटा शिवला, बाही मागं-पुढं.

सोमवारी मॅडमनी सांगितलं की ४ए म्हणजे शंभरातल्या दोन ते दहा जणींनाच कॅन्सर निघतो, नव्वदहून जास्त जणींना नाही, आणि एमआरआय जितकं जास्त दाखवतो तितकंच उगीचचं पण दाखवतो, हे त्याच्यासोबत येतंच. हेच वाक्य शनिवारी कोणी टाईप केलं असतं तर? दोन ओळी. एवढ्यासाठी माणूस लागत नसंल, सवय लागती. आता मी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवू नका असं लिहूनच देते, येऊन घेते.

बायोप्सी सोनोग्राफीवर बघून सुईनं केली. जागा बधिर करतात, मग टिचबटन बसवायच्या मशीनसारखा टक्क आवाज, चारदा. दुखलं नाही पण प्रत्येक टक्कला मी दचकले. आठ दिवसांनी रिपोर्ट, फायब्रोअडेनोमा, साधी गाठ. स्टेशनवर येऊन मी दोन वडापाव खाल्ले.

लोक विचारतात मग इतका त्रास, काढूनच का टाकत नाही. काढतात. अँजेलिना जोलीनं २०१३ साली काढले, तिला पण बीआरसीए वनच, धोका शंभरात नव्वदहून जास्त कमी होतो. मॅडमनी ते पण सांगितलं, ढकललं नाही. आणि हेही सांगितलं की तपासणीनं कॅन्सर टळत नाही, लवकर सापडतो, दोन्हीत फरक आहे, तो समजून मग ठरवा. मी सध्या बघत राहायचं ठरवलंय. अंडाशयाचं मात्र वेगळं, त्याला मॅमोग्रामसारखी भरवशाची तपासणीच नाही, त्यामुळं लेकरं झालेली असली तर ३५ ते ४० च्या मधे काढून टाकायचा सल्ला देतात. मी ३७ ची, दोन लेकरं, त्याच्यावर घरी बोलणं चालू आहे. सासूबाई म्हणतात कर. नवरा अजून ठीकय बघू वर आहे.

खर्चाचं विचाराल तर माझं यावर्षी मॅमोग्राम १,८०० आणि एमआरआय औषधासकट साडेनऊ हजार. आमच्यासारख्याला जड आहे. मी भिशी त्याच हिशोबानं लावलीय आणि दोन्ही एकदम करत नाही, मॅडमनीच सांगितलं की सहा महिन्याच्या अंतरानं करा म्हणजे वर्षातून दोनदा आत डोकावणं होतं. महालक्ष्म्या उठल्या की मॅमोग्राम, होळीच्या मागंपुढं एमआरआय. तारखा विसरत नाही मग.

माझा दादा मात्र तपासायला तयार नाही. मला काय त्याचं, मी पुरुष, म्हणतो. त्याला १९ वर्षांची पोरगी आहे. मॅडमचा तो कागद, गोल-चौकोनाचा, मी मागून घेतलाय आणि त्याच्या घरी ठेवून आलेय, त्याच्या चौकोनाखाली तिचा गोल आहे, अजून कोरा. वहिनीनं तो फ्रिजवर लावलाय असं कळलं.

बाकी किरकोळ. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानंच जा. पाणी आहे, चहा बाहेरच्या टपरीवर, चांगला. बसायच्या खुर्च्या लोखंडी, दोन तासात कंबर धरती. यावर्षी नंबरसाठी फोन केला तर तोच पोरगा, आणि म्हणला, मॅडम पहिला दिवस कोणत्या तारखेला? मला इतकं बरं वाटलं की तारीखच विसरले, कॅलेंडर बघून परत फोन केला. तेवढ्यासाठी अर्धा स्टार परत द्यायचा विचार होता, पण गाऊन बघितला आणि नाही दिला. समोरून उघडा, चारपैकी दोन बंद तुटलेले, शिवण उसवलेली, त्यात बाया एक हात पुढं धरून कॉरिडॉरमधून एमआरआयपर्यंत चालत जातात, वॉर्डबॉय समोरून ट्रॉली घेऊन यायला. सांगून आलेय त्यांना, टेरीकॉटचं कापड आणून द्या, पन्नास गाऊन मी शिवून देते, शिलाई नको.